मानाचं बकरं आणि बॉयलरची जागा

तौफिक मुलाण्याच्या इंटरव्ह्यूत एकूण अकरा प्रश्न झाले. पहिल्या नऊंची उत्तरं बरोबर आली, दहाव्याचं त्याला देता आलं नाही, आणि अकराव्याचं त्यानं दिलं म्हणून त्याचा खालचा ओठ फाटला.

जागा बॉयलर अटेंडंटची होती. बारामती एमआयडीसीत विजयसिंहांनी बायकोच्या नावानं डेअरी काढली होती. दूध आटवायचं, त्याची पावडर करायची तर वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो आणि बॉयलरला सरकारी परीक्षा पास झालेला माणूस लागतो. तसा माणूस तौफिक होता. साखर कारखान्यावर त्यानं चार हंगाम काढले होते, पण गाळप संपलं की कारखाना बंद आणि तौफिक घरी. त्याला बारमाही बॉयलर पाहिजे होता. बाकीची पोरं ज्या नजरेनं बुलेट बघतात त्या नजरेनं हा प्रेशर गेज बघायचा.

प्रश्न पुष्कर साहेब कागदावरून वाचत होते. पुष्कर साहेब म्हणजे डेअरीचे एचआर, अत्यंत सभ्य माणूस. बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी दिसेनासं झालं तर आधी काय करायचं, असं त्यांनी विचारलं. आधी आग बंद करायची, तौफिक म्हणाला, थंड पाणी अजिबात सोडायचं नाही, नाहीतर बॉयलरसकट आपण शेजारच्या कंपनीत. पुष्कर साहेबांनी कागद उलटून मागचं उत्तर पाहिलं. तिथं शेजारच्या कंपनीचा उल्लेख नव्हता, बाकी सगळं जुळत होतं. असे नऊ प्रश्न झाले.

मग विजयसिंहांनी अर्ज हातात घेतला. तोवर ते मोबाईल बघत होते. आडनाव वाचून त्यांनी मान वर केली आणि तू वाडीच्या नबीतात्याचा का, असं विचारलं. तौफिकला बरं वाटलं. विजयसिंह मूळचे त्याच वाडीचे, पळसदेवच्या पलीकडं, उजनीच्या पाण्याला लागून आहे तिथले. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी जळोचीला बंगला बांधला, पण जत्रेला न चुकता यायचे. ओळख निघाली म्हणजे काम झालं, असं तौफिकला वाटणं साहजिक होतं. त्याला माहीत नव्हतं ते एवढंच, की गेल्या दोन वर्षांत विजयसिंहांना कोलेस्टेरॉल आणि धर्म दोन्ही एकदमच निघाले होते आणि त्यांनी गोळी फक्त कोलेस्टेरॉलची चालू केली होती.

दहावा प्रश्न त्यांनी विचारला. तू लागलास की तुझ्या मागनं तुझ्यातली आणखी किती येणार? तौफिक विचारात पडला. त्याच्यातली म्हणजे बॉयलरची सेकंड क्लास परीक्षा पास झालेली त्याच्याशिवाय तालुक्यात तिघंच होती आणि तिघांनाही नोकऱ्या होत्या.

अकरावा प्रश्न विचारताना विजयसिंहांनी आवाज मऊ केला. "हे बघ, दुधाचा धंदा हाय. देवाधर्माची वस्तू. तुझ्या घरी बकरी कापतात. तुझ्या हातचं आमच्या लोकांना चालंल का, तूच सांग."

"तुमाला तर चालतंय साहेब," तौफिक म्हणाला. "म्हसोबाचं तुमच्या घरचं मानाचं बकरं चार पिढ्या आमच्याच हातचं हाय. रस्सा तुमी दोनदा घेता."

यात त्याचा काही टोमणा मारायचा बेत नव्हता. प्रश्न चालतं का असा होता, त्यानं पुरावा दिला. पण विजयसिंह टेबलावरून वाकले आणि त्यांनी उलट्या हातानं ठेवून दिली. हातात पुष्कराजाची अंगठी होती. तौफिकच्या ओठातून रक्त निघून अर्जावर पडलं. मग दोन वॉचमन आले. जिना एकोणीस पायऱ्यांचा होता. पहिल्या अकरा तौफिक त्यांच्या सोबत उतरला, उरलेल्या आठ एकटाच आणि एकदम.

तो आधी चौकीत गेला. तिथल्या हवालदारांनी ओठ पाहिला, गुडघा पाहिला, साक्षीदार कोण म्हणून विचारलं आणि पुष्कर साहेबांना फोन लावला. पुष्कर साहेब म्हणाले, नेमकं त्याच वेळी पेन पडलं होतं आणि ते टेबलाखाली होते. हवालदारांनी तौफिकला समजावलं, की जो माणूस टेबलाखाली असतो त्याची साक्ष कोर्टात टिकत नाही. तौफिक मोटारसायकलला किक मारून भिगवणवरून वाडीला आला.

नबीलाल मुलाणी अंगणात सहाणेवर सुरी लावत बसले होते. गावात त्यांना नबीतात्या म्हणत. वय पासष्ट, गुडघे गेलेले. त्यांनी लेकाचं तोंड पाहिलं, सगळं ऐकून घेतलं आणि सुरी लावत राहिले. जत्रा आठ दिवसांवर आली होती.

वाडीत म्हसोबाला चौदा बकरी पडत. सगळी मराठ्यांच्या घरची, नवसाची, आणि सगळी कापायची मुलाण्यानं. नबीतात्यांच्या बापजाद्यांनी तेच केलं. मुलाण्यानं नाव घेऊन सुरी फिरवल्याशिवाय वाडीतले जुने लोक मटणाला हात लावत नसत. देव हिंदूंचा, बकरं हिंदूंचं, सुरी मुसलमानाची आणि रस्सा सगळ्यांचा, असं ते काम होतं. त्यात कुणाला कधी काही खटकलं नव्हतं, कारण त्याबद्दल कुणी कधी विचारच केला नव्हता.

या साली जायचं नाही, असं तौफिक म्हणेल आणि आपल्याला त्याची समजूत घालावी लागेल, अशी नबीतात्यांनी तयारी ठेवली होती. ते देवाचं काम आहे, विजयसिंहाचं नाही, एवढं वाक्य त्यांनी मनात जुळवूनही ठेवलं.

तौफिक म्हणाला, "अब्बा, या साली मी कापतो. तुमी बसा."

हे वाक्य ऐकायला नबीतात्या सहा वर्षं थांबले होते. त्यांचे डोळे भरले. पोराच्या डोक्यात काय आहे हे विचारायचं त्या भरात राहूनच गेलं.

मटणाच्या दिवशी देवळामागच्या लिंबाखाली सकाळपासून गर्दी झाली. चौदा बकरी ओळीनं बांधलेली. पलीकडं चुली पेटलेल्या, पातेल्यांत आधण ठेवलेलं, मसाला वाटून तयार. मानसिंग नावाच्या बागायतदाराकडं नव्या व्याह्यांची चाळीस माणसं जेवायला आली होती आणि ती आत्ताच पारावर बसून चुलींकडं बघत होती. वाडीचा नियम असा, की पहिलं मानाचं बकरं विजयसिंहांच्या घरचं. ते पडल्याशिवाय दुसऱ्याच्या गळ्याला सुरी लागत नसे.

विजयसिंह आले. पांढरा झब्बा, कपाळाला गुलाल. बकऱ्याच्या गळ्यात झेंडूची माळ, आणि बकऱ्याची दोरी मनगटाला गुंडाळून पुतण्या शंभूराज. शंभूराज बावीस वर्षांचा होता. धारदार हत्याराचा त्याला अनुभव होता, पण तो वाढदिवसाचा केक तलवारीनं कापण्यापुरता.

लिंबाखाली तौफिक दुधाच्या उलट्या क्रेटवर बसला होता. समोर दुसरा क्रेट मोकळा ठेवला होता. ओठाला खपली होती. त्यानं विजयसिंहांना बसायची खूण केली. विजयसिंहांना वाटलं मान देतोय. ते बसले.

"पूर्ण नाव?" तौफिकनं विचारलं.

लोक हसले. जत्रेत असं काहीतरी चालतं. विजयसिंहही अर्धवट हसले. मग तौफिकनं बकऱ्याचं वय विचारलं, नवस कशाचा तेही विचारलं. शंभूराजनं उत्तरं दिली. बहुतेक बरोबर होती.

"तुमच्या मागनं तुमच्यातली आणखी किती येणार जेवायला?"

आता विजयसिंह हसायचे थांबले.

"आता शेवटचं," तौफिक म्हणाला. "ही सुरी मी धुवून, नाव घेऊन वापरतो. तुमच्या घरचं बकरं हिला चालंल का, तुमीच सांगा."

 डेअरीत तौफिकला मार पडला आणि जागा मिळाली नाही एवढं गावात कळलं होतं, पण हे प्रश्न तिथलेच आहेत ते कुणाला माहीत नव्हतं.  तौफिकनं उत्तराची वाट पाहिली, मग सुरीवर फडकं टाकलं.

"ठीक हाय. आमी कळवतो."

विजयसिंह उठले. क्रेट लाथेनं उडाला. त्यांनी शंभूराजला कोयता आणायला सांगितला. नबीतात्या पुढं झाले, हात जोडून म्हणाले, मालक, कोयता उसाला असतोय, मी कापतो, इकडं द्या. विजयसिंहांनी त्यांना छातीवर हात लावून मागं लोटलं आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असं सांगितलं की यापुढं या गावच्या देवाला मुलाण्याची गरज नाही.

बकरं धरायला शंभूराज होता. विजयसिंहांनी कोयता दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेला. ऊस खाली वाकून तोडतात, हे त्यांना माहीत होतं, पण पंधरा वर्षांत त्यांनी ऊस तोडलेला नव्हता आणि बकरं कधीच कापलेलं नव्हतं. घाव मानेवर पडायचा तो खांद्यावर पडला. हाडावर घसरला. आणि त्याच वेगात खाली येऊन विजयसिंहांच्या स्वतःच्या नडगीत बसला.

बकरं ओरडलं, त्याच्यामागून विजयसिंह ओरडले. कोण कुठलं ओरडतंय ते पहिल्यांदा कुणाला समजेना. बकऱ्यानं उडी घेतली. दोरी शंभूराजच्या मनगटाला होती, त्यामुळं शंभूराजनंही घेतली. दोघं चुलींमधून गेले. पहिलं आधण बकऱ्याच्या अंगावर न सांडता शंभूराजच्या मांडीवर सांडलं. दुसऱ्या चुलीवरचं पातेलं मानसिंगच्या व्याह्याच्या पायावर आलं. झेंडूची माळ जळली. मसाल्याच्या परातीत खूर पडून लाल धुरळा उडाला आणि पाच-सहा बायका डोळे धरून खाली बसल्या. बकरं देवळाच्या पायरीला अडकून पडलं. खांदा लोंबत होता, पांढरं हाड उघडं पडलं होतं, तोंडातून आवाज येत होता तो ऐकवत नव्हता.

तौफिक उठला. गर्दीतून चालत गेला, एक गुडघा टेकला, डाव्या हातानं बकऱ्याचे डोळे झाकले, ओठातल्या ओठात नाव घेतलं आणि हात एकदाच फिरवला. आवाज थांबला. सुरी पुसून तो परत येऊन क्रेटवर बसला.

गावानं सुटकेचा श्वास सोडला. झालं एकदाचं. मानसिंगनं आपलं बकरं सोडून पुढं आणलं. तौफिक हलला नाही. त्यानं सांगितलं, की मानाचं बकरं त्यानं कापायला घेतलेलंच नव्हतं. त्यानं फक्त त्याचे हाल थांबवले. ते देवाला पोचलं की नाही हे गावानं ठरवावं.

ठरवायला दत्तोबा बसले. वाडीतलं सगळ्यात जुनं माणूस, वय ऐंशीच्या पुढं. त्यांचं म्हणणं पडलं, की पहिला घाव कोयत्याचा म्हणजे मान बाटला. मानसिंगचं म्हणणं, की जीव गेला तो सुरीनं, म्हणजे पोचलं. अर्धी वाडी पहिल्या घावाच्या बाजूची झाली आणि अर्धी शेवटच्या. धर्माचा इतका बारीक विचार वाडीत पूर्वी कधी झाला नव्हता, आणि तो उपाशीपोटी चालला होता. मुलाण्याच्या पोराला कशासाठी मारलं, का डावललं, हा प्रश्न त्या वादात कुणाच्याही मनात आला नाही. व्याही मात्र पारावरून उठून चपला शोधायला लागले.

ते पाहून मानसिंगचं डोकं गेलं. त्यानं हातातला वाढायचा डाव विजयसिंहांच्या भावकीतल्या एकाच्या तोंडावर मारला. डाव पितळी होता. दोन दात पडले. त्या माणसानं दात न शोधता मानसिंगला खाली पाडलं. मग सगळेच उठले. चुलीतली लाकडं निघाली, दगड निघाले, कुणीतरी ट्रॅक्टरची पिन आणली. पहिल्या घावाचे लोक शेवटच्या घावाच्या लोकांना बडवू लागले. एकाचा हात खांद्यातून निघाला. एक म्हातारा पाराच्या कडेवर आपटला आणि त्याची बरगडी मोडल्याचा आवाज वरच्या फांदीवरच्या पोरांना ऐकू आला. न्यायासाठी वाडीत आजवर कुणी हात उचलला नव्हता. रश्श्यासाठी उचलला, आणि मनापासून उचलला.

विजयसिंह पाय धरून लिंबाच्या बुडाला पडले होते. उपरणं गुंडाळलं होतं तरी रक्त थांबत नव्हतं. त्यांनी नबीतात्यांकडं बोट केलं.

"हे सगळं या मुलाण्यांनी केलं. सोडू नका."

नबीतात्या दोन माणसांच्या मध्ये उभे राहून भांडण सोडवत होते. भाजलेल्या मांडीनं लंगडत शंभूराज मागून आला. हातात जळकं बाभळीचं लाकूड होतं. ते त्यानं नबीतात्यांच्या डोक्यात घातलं. नबीतात्या खाली बसले, कुणीतरी बसा म्हटल्यासारखे, आणि त्यांच्या पांढऱ्या दाढीवरून रक्त खाली आलं. शंभूराज स्वतःच घाबरला. काकांच्या गाडीची किल्ली त्याच्याच खिशात होती. तो गाडी घेऊन पळाला.

तौफिकनं हे क्रेटवरून पाहिलं. फडकं कधी पडलं आणि सुरी कधी हातात आली ते त्याला कळलं नाही. तो विजयसिंहांच्या छातीवर गुडघा देऊन बसला. डाव्या हातानं हनुवटी वर ढकलली. कुठं लावायची, किती दाबायची, कुठल्या बाजूनं ओढायची, हे त्याच्या हाताला लहानपणापासून ठाऊक होतं. विजयसिंहांच्या गळ्याची शीर धारेखाली उडत होती.

मारामारी थांबली. ज्याच्या हातात जे होतं ते तसंच राहिलं. पुढं यायची कुणाची छाती झाली नाही. नोकरी गेली, आता हा पण जाणार, जन्मभरासाठी, हे तिथल्या प्रत्येकाला दिसत होतं. तौफिकला तेवढं दिसत नव्हतं. त्याला फक्त दाढी दिसत होती.

मागून नबीतात्यांचा आवाज आला. ओरडले नाहीत ते. कामाच्या वेळी शिकाऊला विचारतात तसं विचारलं.

"तौफिक, पाणी पाजलंस का त्याला?"

मुलाण्याचा पहिला नियम. तहानलेल्या जनावराला कापायचं नाही. त्याला सुरी दाखवायची नाही. आणि रागात तर सुरी हातातच घ्यायची नाही. सहा वर्षांचा असल्यापासून तौफिकनं हा प्रश्न शेकडो वेळा ऐकला होता आणि दर वेळी त्याचं उत्तर व्हय असंच असायचं.

"न्हाय," तौफिक म्हणाला.

"मग पाज की."

हात आपोआप ढिला पडला. तौफिक उठला. सुरी त्यानं बापाच्या मांडीवर नेऊन ठेवली, रांजणातून तांब्या भरला आणि विजयसिंहांच्या तोंडाला लावला. मुलाण्याच्या हातचं चालेल का, हे विजयसिंहांनी विचारलं नाही. ते अख्खा तांब्या प्यायले आणि आणखी मागितलं.

दत्तोबांनी तेवढ्यात घसा साफ करून बाकीच्या तेरा बकऱ्यांचं काय, असं विचारलंच. आज हात रागात आहे, आज कापलेलं चालायचं नाही, असं नबीतात्यांनी सांगितलं. चुलीवर पिठल्याचं आधण चढलं आणि तेरा बकरी आपापल्या गोठ्यात परत गेली. गाडी शंभूराजनं नेलेली. उरला डेअरीच्या दुधाचा टेम्पो. त्यात रिकाम्या कॅनांच्या मध्ये नबीतात्या आणि विजयसिंह समोरासमोर बसले, एकाचं डोकं बांधलेलं आणि एकाचा पाय, आणि टेम्पो तौफिकनं इंदापूरच्या दवाखान्याकडं घेतला.  हायवेवरच्या प्रत्येक गतिरोधकाला मागून दोघांचं कण्हणं एकदम यायचं.

दवाखान्यात आसावरी मॅडम ड्युटीवर होत्या. असल्या जखमा आल्या की पोलिसाला कळवावं लागतं, तसं त्यांनी कळवलं. जमादार आला, त्यानं वही उघडली. विजयसिंह टेबलावर आडवे होते, मॅडम नडगीला टाके घालत होत्या. तौफिक दाराशी बापाला धरून उभा होता. आता विजयसिंह काय सांगतात त्यावर सगळं होतं. मुलाणी, सुरी, गळा, एवढे तीन शब्द सांगितले तर खोटे नव्हते. त्यानंतर बॉयलर सोडाच, तौफिकला उन्हं दिसली नसती.

जमादारानं विचारलं, कुणी मारलं. विजयसिंहांनी दाराकडं पाहिलं.

"या पोरानं. सुरीनं."

"सुरीची नाही ही जखम," मॅडम मान वर न करता म्हणाल्या. "कोयत्याची आहे. वरून खाली, स्वतःची स्वतः. ऊसतोड चालू असली की माझ्याकडं दिवसाला दोन येतात."

जमादारानं लिहिलेलं खोडलं आणि नबीतात्यांकडं वळून तुम्हाला कुणी मारलं असं विचारलं.

"चुलीचं लाकूड पडलं डोक्यात."

"उभ्या माणसाच्या डोक्यात?"

"व्हय. वरनं."

जमादारानं बराच वेळ त्यांच्याकडं पाहिलं. विजयसिंहही पाहत होते. शंभूराजचं नाव आता येईल, मग येईल, म्हणून ते वाट बघत होते आणि ते येत नव्हतं. टाका आत जात होता, दोरा ओढला जात होता, नाव येत नव्हतं.

"बरं," जमादार पुन्हा विजयसिंहांकडं आला. "कोयता कशाला घेतलावता?"

"बकरं कापायला. मानाचं."

"तुमी? गावात मुलाणी न्हाय का?"

"हाय."

"मग?"

विजयसिंहांनी डोळे मिटले. "त्याच्या पोराला मी नोकरी न्हाय दिली. मुसलमान हाय म्हणून. तोंडात मारली, जिन्यावरनं ढकलून दिलं. त्यानं आज बकरं घेतलं न्हाय. म्हणून मी कोयता घेतला."

जमादारानं ते सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं. त्याच्या दृष्टीनं ती पायाच्या जखमेची हकीकत होती. वाचून दाखवलं, खाली सही घेतली. वही मिटताना तो एवढंच म्हणाला, की एवढ्यासाठी पाय म्हणजे जरा जास्तच झालं.

जमादार बाहेर गेला.

"काय पाहिजे तुला?" विजयसिंह छताकडं बघत म्हणाले.

"अर्ज केलाय," तौफिक म्हणाला. "त्याचं उत्तर पाहिजे. माफी नको. उपकार म्हणून लावूनबिवून पण घेऊ नका. मला बॉयलर येतो का न्हाय तेवढं बघा आणि व्हय तर व्हय म्हणा, न्हाय तर न्हाय."

विजयसिंहांनी झब्ब्याच्या खिशाकडं खूण केली. त्यांचे हात रक्तानं माखलेले होते, म्हणून तौफिकनंच मोबाईल काढला, पुष्कर साहेबांना लावला आणि स्पीकर करून त्यांच्या छातीवर ठेवला. विजयसिंहांनी सांगितलं, बॉयलरच्या जागेवर तौफिक नबीलाल मुलाणी याला घ्या, सोमवारी आठची पाळी.

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. पुष्कर साहेबांनी अभिनंदन केलं, मग अडचण सांगितली. आधीचा निर्णय बदलायचा तर फॉर्मवर कारणाचा रकाना भरावा लागतो. कारण काय लिहू?

विजयसिंहांनी मान दाराकडं वळवली. नबीतात्यांच्या कपाळावरची पट्टी लाल होत चालली होती. मॅडमनी सुई पुन्हा हातात घेतली.

"लिही," विजयसिंह म्हणाले. "बॉयलर येतो."

"एवढंच सर?"

"एवढंच."

त्याच क्षणी पंधरावा टाका हाडाजवळून गेला आणि विजयसिंहांनी अशी किंकाळी फोडली, की बाहेरच्या बाकावर बसलेली माणसं उभी राहिली.  मग पुष्कर साहेबांनी अतिशय सभ्यपणे विचारलं, "हे पण लिहू का सर?"